‘मला काही फरक पडत नाही’

वाल सोलायला बसलं की घरात खरं बोललं जातं, असा माझा अनुभव आहे. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहते, डाळिंबी टुणकन परातीत पडते. हात गुंतलेले, नजर खाली, आणि काम तासाभराचं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे जे एरवी गिळलं जातं ते तोंडातून निघून जातं.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी बसलो होतो. माझी मुलगी ऋता, माझ्या थोरल्या नणंद सुमनताई आणि मी. ऋता सत्तावीस वर्षांची. दीड वर्षापासून तिचं ग्लेनबरोबर आहे. तो वसईचा, तिथल्या कुपारी ख्रिस्ती घरातला. घरी सामवेदी बोलतात, आजी अजून लाल लुगडं नेसते. ऋतानं मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले होते, ‘तू सुखी असलीस की झालं, मला काही फरक पडत नाही.’ येत्या शुक्रवारी सगळ्यांनाच सुट्टी म्हणून त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. मटण-वड्यांचा बेत होता.

सुमनताईंची सगळी नोकरी विवाह नोंदणीच्या कचेरीत गेली. रजिस्टर लग्नाच्या नोटिसा घेणं, त्या फळ्यावर लावणं, साक्षीदारांच्या सह्या घेणं. हजारो जोडपी त्यांनी टेबलाच्या पलीकडून पाहिली. चार वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. बोलणं दोघींचंच झालं. मी बहुतेक वेळ वाल सोलत होते.

आत्या : मोबाइलच्या कव्हरमध्ये ते काय खोचलंयस गं?

ऋता : झावळीचा क्रूस. आज त्यांच्याकडे झावळ्यांचा रविवार ना. मिस्सा संपल्यावर ग्लेननं पायरीवर बसून विणून दिला. छान आहे ना?

आत्या : सुबक आहे. देवाधर्माचं काय बोलणं झालंय तुमचं?

ऋता : झालंय की. अगदी सुरुवातीलाच. तो म्हणाला, मी दर रविवारी मिस्साला जातो, तुला माहीत असलेलं बरं. मी म्हटलं, मला काही फरक पडत नाही. तो म्हणाला, तुझ्या गणपतीचा मलाही नाही पडत. झालं.

आत्या : दीड वर्षात एवढंच?

ऋता : मग आणखी काय बोलायचं? आत्या, आम्ही रोज भेटतो, सिनेमावरून भांडतो, त्याच्या बहिणीच्या नोकरीची मला काळजी वाटते. यात देव कुठे येतो मध्ये?

आत्या : आज नाही येत. देव बाळंतपणात येतो, आजारपणात येतो आणि मयताला तर हमखास येतो. प्रेमात पडताना तो बाहेर चपलांपाशी उभा असतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी पोरी हेच म्हणायच्या, मॅडम, आम्हाला दोघांनाही काही फरक पडत नाही. मला वाटायचं, कोणाला तरी पडत असणार. फक्त कोणाला, ते अजून कळलेलं नाही.

ऋता : तू आईबाबांच्या पिढीसारखंच बोलायला लागलीस. मला वाटलं होतं, तू तरी माझ्या बाजूची.

आत्या : बाजूचीच आहे. लग्न करू नको असं म्हटलं का मी? फिर, प्रेम कर. पण आत्ता, फिरताय तेव्हाच, एकमेकांना विचारून घ्या. मूल झालं तर बाप्तिस्मा होणार का? घरात क्रूस लागेल, त्याच्या शेजारी देव्हारा लागेल का? तू गेलीस तर तुला जाळायचं की पुरायचं?

ऋता : शी! दीड वर्षाच्या नात्यात हे विचारायचं? हे प्रेम आहे आत्या, भाडेकरार नाही, की अकरा महिन्यांचं डिपॉझिट किती आणि रंगकाम कोणी करायचं. आणि एक सांग. शेजारच्या प्राचीनं आपल्याच जातीतला मुलगा केला. तिला कोणी विचारलं का, की तुझं मूल कोणत्या देवाला हात जोडणार? तिचा नवरा देव मानतच नाही आणि ती दर गुरुवारी पोथी वाचते. त्यांना प्रश्नपत्रिका नाही, आम्हालाच का? फक्त ग्लेनचं आडनाव लोपीस आहे म्हणून?

आत्या : यात तू बरोबर आहेस. तिलाही विचारायला हवं होतं. मलाही कोणीतरी विचारायला हवं होतं.

(सुमनताईंनी परातीतल्या डाळिंब्या उगाच सारख्या केल्या.)

आत्या : तुझे काका माळकरी होते हे तुला माहीत आहे. मी सेवादलात वाढलेली. देव मी तेव्हाही मानत नव्हते. जात एक, पत्रिका जुळली, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही की हे आंतरधर्मीय लग्न आहे. मला बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले, आमच्याकडे माळ आहे, मासमच्छी चालत नाही, जमेल ना? मी अलिबागची पोर, मासळीशिवाय घास न उतरणारी. पण मुलगा आवडला होता. म्हणाले, मला काही फरक पडत नाही.

ऋता : आणि पडला?

आत्या : बारा वर्षं पडला नाही. म्हणजे पडत होता, पण मी तो डब्यावर भागवत होते. कचेरीत एकजण कोळीवाड्यातनं यायची. तिच्या डब्यातलं सुकट, बोंबलाचं कालवण... दुपारी मी तिथे जेवायचे आणि घरी जाताना मूठभर बडीशेप चघळायचे. एकदा चहा देताना हे हळूच म्हणाले, ‘आज बोंबील होते वाटतं.’ आणि हसले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

ऋता : किती गोड! बघ, म्हणजे निभतंच की.

आत्या : ऐक पुढे. आमचा अमोल बारा वर्षांचा झाला तेव्हा घरात विषय निघाला, आता त्यालाही माळ घालायची. बुवांना निरोप गेला, दिवस ठरला. आणि मी अशी काही भडकले म्हणतेस! माझ्या मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या गळ्यात काही घालायचं नाही. सगळं घर माझ्याकडे बघतच राहिलं. हे तर इतके गोंधळले. म्हणाले, सुमन, तूच तर म्हणाली होतीस, तुला फरक पडत नाही. त्यात त्यांची काय चूक होती सांग? माझा शब्द त्यांनी खरा धरला होता. बारा वर्षं मी त्यांना खोटं सांगत होते आणि भांडताना तोंड वर करून त्यांनाच दोष देत होते.

ऋता : मग काय झालं?

आत्या : चार महिने घरात धड बोलणं नव्हतं. शेवटी ठरलं, अठरा वर्षांचा झाला की त्याचा तो ठरवेल. त्यानं नाही घातली. यांना लागलं ते, पण शब्द पाळला. ती तडजोड वाईट नव्हती. वाईट हे, की ती बारा वर्षं आधी, चार महिन्यांचा अबोला न धरता झाली असती.

ऋता : मला नाही पटत. बारा वर्षं आधी तू असं काही बोलली असतीस तर तुझं लग्नच झालं नसतं. काका तुला मिळाले ते त्या खोट्या वाक्यामुळे. आणि मूल झाल्यावर काय वाटेल, हे मूल नसताना कसं सांगायचं? तुलासुद्धा अमोलदादा बारा वर्षांचा झाल्यावरच कळलं ना?

आत्या : हं.

ऋता : आणि बाहेर काय चाललंय ते बघ. प्यू रिसर्च सेंटरची २०२१ ची पाहणी आहे, देशभर जवळपास ३० हजार लोकांना विचारलेली. आपल्या धर्मातल्या बायकांची बाहेर लग्नं होऊ न देणं फार महत्त्वाचं आहे, असं ६७ टक्के हिंदू म्हणाले आणि ८० टक्के मुसलमान. ख्रिश्चनांत ३७. आणि लग्न झालेल्यांत ९९ टक्क्यांचा जोडीदार त्यांच्याच धर्माचा. म्हणजे आमच्यासारखे शंभरात एक. सगळं जग टेप घेऊन आमच्यातला फरक मोजतंय. निदान आम्ही दोघांनी तरी तो मोजू नये, म्हणून ते वाक्य आहे आत्या. ते खोटं नाही. ती आमची छत्री आहे.

आत्या : (थोडा वेळ थांबून) छत्री म्हणालीस ते लागलं मला. खरं आहे. मी एकाच धर्माच्या छपराखाली होते. मला पाऊस नव्हता.

ऋता : आणि ग्लेन ख्रिश्चन आहे म्हणून आपल्या घरी निदान जेवणाचा बेत होतोय. तोच मुलगा इम्रान असता तर? आई, असता का गं हा बेत?

(माझ्या चिमटीतला दाणा सालीसकट फुटला. मी उत्तर दिलं नाही. दोघींनीही ते पाहिलं आणि माझ्यावर दया करून पुढे गेल्या.)

आत्या : फळ्यावरच्या नोटिसा बघायला लोक यायचे. ज्यांचा काही संबंध नाही असे. मोबाइलनं फोटो काढायचे, आणि ते कोणत्या नावांचे काढायचे हे मला न बघता कळायचं. कायद्यात काय आहे? दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं, नोटीस द्यावी, ती ३० दिवस लागावी, मग तीन साक्षीदार आणि सह्या. हरकत घ्यायची तर कारणं मोजकी: कोणाचा आधीचा नवरा-बायको हयात आहे, वय भरत नाही, संमती देण्याच्या मनःस्थितीत नाही, नात्यात लग्न होत नाही. आईबापांना पसंत नाही हे कारण त्या यादीत नाही, धर्म वेगळा हे तर नाहीच. तरी ते ३० दिवस पोरापोरींना ३० वर्षांसारखे जायचे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं अशा लग्नांची माहिती ठेवायला समिती काढली. आधी त्यात आंतरजातीयही होतं, मग तो शब्द काढला आणि आंतरधर्मीय तेवढं ठेवलं. तेव्हा तुझी छत्री मला समजते.

ऋता : मग?

आत्या : मग एवढंच, की छत्री बाहेर धरायची असते. घरात आल्यावर मिटायची. बाहेरच्यांना ठणकावून सांग, मला काही फरक पडत नाही. ग्लेनला तेच सांगू नकोस. पोरी, १८७२ चा जुना विशेष विवाहाचा कायदा ठाऊक आहे? त्या कायद्यानं लग्न करायचं तर दोघांनाही लिहून द्यावं लागायचं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, ज्यू नाही, शीख नाही, बौद्ध नाही, जैन नाही. म्हणजे लग्न हवं तर धर्म बाहेर ठेवून या. १९२३ मध्ये आपल्या नागपूरचे बॅरिस्टर हरिसिंग गौर यांनी दुरुस्ती आणली, आणि हिंदू, शीख, बौद्ध, जैन यांना आपसात तरी ती कबुली माफ झाली. बाकीच्यांसाठी १९५४ चा कायदा यावा लागला. त्यात प्रथमच असं झालं की कोणत्याही दोन धर्मांच्या दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करावं. सरकारनं ते वाक्य मागणं बंद केलं त्याला सत्तर वर्षं झाली. आणि तुम्ही शिकलेली पोरं घरबसल्या एकमेकांना लिहून देताय, मी कोणीच नाही, मला काही फरक पडत नाही.

ऋता : हे तू चांगलं जुळवलंस. पण माझा धर्म मी सोडतेय कुठे? आम्ही ठरवलंय की रजिस्टर लग्नच करायचं. चर्च नाही, भटजी नाही. दोघांनाही सारखंच. कोणाचीच हार-जीत नाही.

आत्या : सारखं आहे का ते? तुझ्यासाठी रजिस्टर म्हणजे होम-सप्तपदी राहिली, वर्षाभरात एक सत्यनारायण घातला की विषय मिटला. कोणी तुला देवळात जाऊ नको म्हणणार नाही. त्याच्यासाठी? चर्चच्या नियमानं बाप्तिस्मा न झालेल्या मुलीशी लग्न करायला बिशपांची परवानगी लागते. ती न घेता नुसतं रजिस्टर केलं तर चर्च ते लग्न धरत नाही, आणि असा माणूस मिस्साला जाऊ शकतो, पण ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही. दर रविवारी सगळे रांगेत पुढे जाणार, त्याची आजी लाल लुगड्यात पुढे जाणार आणि हा बाकावर बसून राहणार. आयुष्यभर. हे म्हणजे सारखं?

ऋता : ...हे त्यानं मला सांगितलं नाही.

आत्या : कसं सांगेल? त्याला काही फरक पडत नाही ना.

(बराच वेळ फक्त डाळिंब्या पडल्याचा आवाज.)

ऋता : परवानगी मागितली तर देतात?

आत्या : देतात. पण त्यासाठी त्याला वचन द्यावं लागतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना बाप्तिस्मा देण्यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. वचन त्यानं द्यायचं, तू नाही. तुला फक्त सांगायचं की यानं असं वचन दिलंय. मला चर्चची ही एक गोष्ट आवडते. प्रश्न लग्नाआधी विचारतात, तोही कागदावर.

ऋता : आणि उत्तरही तेच आधी छापून ठेवतात!

आत्या : (हसत) तेही खरं. पण निदान कळतं तरी. आपल्याकडे कोणी कागद पुढे करत नाही. सासू नुसती म्हणते, ‘तू तुझ्या मनानं कर हो,’ आणि मग वीस वर्षं तोंड बघत बसायचं. पुन्हा, रजिस्टर लग्न म्हणजे नुसती सही असंही समजू नकोस. हिंदू मुलीनं ख्रिस्ती मुलाशी त्या कायद्यानं लग्न केलं की ती एकत्र कुटुंबातून कायद्यानं वेगळी होते, आणि तिच्या माघारी वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं ठरतो. वाईट काही नाही त्यात. पण सही करताना माहीत हवं.

ऋता : आत्या, तुझं सगळं बरोबर आहे, तरी माझी एक भीती तशीच राहते. समजा मी विचारलं आणि तो म्हणाला, बाप्तिस्मा हवाच. मी म्हणाले, नकोच. मग? दीड वर्षाचं नातं एका संध्याकाळी संपवायचं, एका न जन्मलेल्या मुलासाठी? त्यापेक्षा न विचारता दहा वर्षं सुखात गेली तर ती दहा वर्षं खोटी का? माणसं बदलतात. कोण सांगावं, तोपर्यंत मलाच बाप्तिस्मा हवासा वाटेल.

आत्या : वाटेलही. लक्ष्मीबाई टिळकांना वाटलाच की. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते बायकोला अंधारात ठेवून. ती बाई कोलमडली, काही वर्षं वेगळी राहिली. मग नवऱ्याकडे परत गेली, पण गेली ती हिंदू म्हणून. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात राहूनही पाण्याचं, स्वयंपाकाचं सोवळं तिनं एकदम सोडलं नाही. सोडलं ते तिचं तिला उमगलं तेव्हा, की माणसामाणसांत हा विटाळ देवानं केलेला नाही. आणि त्यानंतर, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलंस ना शाळेत?

ऋता : एक धडा होता. पण बघ, शेवटी बदलली ती बाईच. टिळक नाही परत हिंदू झाले! हे असंच होतं. तू म्हणतेस बोला, विचारा. बोलून झाल्यावर शेवटी सोडतं कोण? जिला सासरी जायचंय ती. मग बोलून उपयोग काय?

आत्या : हा सगळ्यात कठीण प्रश्न आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. सोडणारी बहुतेक वेळा बाईच असते. माझ्या टेबलावर धर्म बदललेल्या मुलींचे कागद यायचे, मुलांचे फार क्वचित. पण लक्ष्मीबाई आणि मी यात फरक काय ते बघ. तिला फरक पडत होता आणि तिनं तो लपवला नाही. रडली, भांडली, वेगळी चूल मांडली. त्यामुळे टिळकांना कायम माहीत होतं की ही कुठे उभी आहे. आणि जेव्हा बदलली तेव्हा आपल्या पायानं चालत गेली. मी मात्र पहिल्याच दिवशी ‘फरक पडत नाही’ म्हणून मोकळी झाले. ज्याला काही फरक पडत नाही, त्याच्याकडून सगळं काढून घेतलं जातं गं. कोणी दुष्ट असतो म्हणून नाही. दोघांत एकाला हवंय आणि एकाला चालतंय, तर हवं त्याचं होणार. हे सरळच आहे. आणि चालतंय म्हणणारा एक दिवस उठतो आणि बारा वर्षांचा हिशेब मागतो.

ऋता : म्हणजे जो जास्त देवभक्त, त्याचं चालणार?

आत्या : ज्याला आपल्याला काय हवं ते ठाऊक असतं, त्याचं चालतं. ग्लेनला बहुधा ठाऊक आहे. तुला आहे का? तू गणपती मानतेस, मंगळवार पाळत नाहीस, देवळात गेलीस तर फोटो काढतेस. यातलं काय गेलेलं तुला चालेल आणि काय गेलं तर तू माझ्यासारखी भडकशील?

ऋता : काहीच नाही. खरंच. मोदक मी कुठेही करीन.

आत्या : पुन्हा सांग. वाल सोलत सोलत सांग, घाई नाही.

(ऋता कितीतरी वेळ गप्प होती. मी मान वर केली नाही.)

ऋता : त्याच्या आजीबरोबर एकदा चर्चमध्ये गेले होते. उपदेशात फादर काय म्हणाले ते आठवत नाही, चांगलंच बोलत होते. पण बाहेर पडल्यावर तिथली एक बाई मला प्रेमानं म्हणाली, ‘बाळ, तू पण खऱ्या देवाकडे ये.’ वाईट हेतू नव्हता तिचा. मी हसले. पण रात्री झोप नाही आली. मला आई दिसत होती. संध्याकाळी दिवा लावते, घाईघाईनं, एक डोळा कुकरवर... बाप्तिस्मा झाला तरी मला चालेल बहुतेक. नाव काहीही असू दे. पण माझ्या मुलाला कोणी असं सांगितलेलं मला चालणार नाही, की त्याच्या आजीचा देव खोटा आहे. ते नाही.

आत्या : हे ग्लेनला माहीत आहे?

ऋता : मलाच आत्ता कळलं.

आत्या : मग हे सांग त्याला. बाप्तिस्म्याची अट घालू नकोस, अमुक झालं तरच लग्न असं म्हणू नकोस. एवढंच सांग. आणि मग विचार, तुझं असं काय आहे? त्याचंही असेलच एखादं.

ऋता : आणि त्याचं आणि माझं एकमेकांवर आपटलं तर?

आत्या : तर आपटेल. तुम्ही दोघं त्या वेळी एकमेकांवर प्रेम करत असाल, हा फायदा आहे. बारा वर्षांनी आपटलं तेव्हा आम्ही आधी थकलो होतो आणि मग भांडलो.

ऋता : तू पुन्हा लग्नाच्या वेळेवर गेलीस तर खरं बोलशील? ‘मला मासे लागतात आणि माझ्या मुलाला मी माळ घालू देणार नाही’? अलिबागच्या घरात, सगळ्यांसमोर?

आत्या : (हसून) सगळ्यांसमोर नसते बोलले. यांना बाजूला घेऊन बोलले असते. त्यांनी ऐकलं असतं, मला वाटतं. बोंबलाचा वास येऊनही जो माणूस नुसता हसतो, त्यानं ऐकलं असतं. मी त्यांना ती संधीच दिली नाही. आता घरात मासळी करते. कढई वेगळी घेतली. हे गेले तेव्हा गळ्यातली माळ तशीच राहू द्या म्हणून मीच सांगितलं. हे दोन्ही मला आधी का नाही जमलं, याचाच विचार करत असते... बरं, ते राहू दे. शुक्रवारी तो येतोय ना जेवायला? काय बेत?

ऋता : मटण-वडे. आई कधीची ठरवून बसलीय.

आत्या : शुक्रवारी सुट्टी कशाची आहे?

ऋता : कशाची म्हणजे... गुड फ्रायडे.

(तिचा हात परातीतच थांबला.)

आत्या : त्यांचा कडक उपासाचा दिवस. मटण तर सोडच. दुपारी तीनच्या सुमाराला चर्चमध्ये प्रार्थना असते. आज झावळीचा क्रूस विणून दिला त्यानं तुला, म्हणजे पवित्र आठवडा लागला. तुझ्या काकांना आषाढी एकादशीला मटणाच्या पंगतीला बोलावल्यासारखं आहे हे.

ऋता : पण मी त्याला विचारलं होतं! म्हटलं, शुक्रवारी सुट्टी आहे, येशील का, आई मटण करतेय. तो म्हणाला, ‘येतो की. मला काही...’

ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. ओल्या हातानंच मोबाइल उचलला, झावळीचा क्रूस कव्हरमधून निसटून वालाच्या सालांत पडला, तो उचलून पुसला आणि गॅलरीत गेली. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, शब्द नव्हते. सुमनताई सालं गोळा करू लागल्या. मला म्हणाल्या, ‘माधवी, तू काही बोलली नाहीस.’

मी म्हटलं, ‘तुम्ही दोघी बोलत होता ना.’

‘तसं नाही,’ त्या म्हणाल्या आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत.

ऋता आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका. म्हणाली, ‘तो म्हणतोय, तीनला चर्चमध्ये असायलाच हवं होतं, पण आईनं पहिल्यांदा बोलावलं, नाही कसं म्हणायचं? आजीला काय सांगायचं याचं कारण शोधत होता चार दिवस.’ मग जरा थांबून, ‘मी माझं सांगितलं त्याला, तुझ्या दिव्याचं. तो गप्प झाला. म्हणाला, मला विचार करायला वेळ दे, मग माझंही सांगतो.’

‘लगेच हो नाही म्हणाला,’ सुमनताई म्हणाल्या. ‘बरं आहे.’

‘बरं आहे की वाईट, ते मला नाही माहीत,’ ऋता म्हणाली. ‘मला भीती वाटतेय, आत्या. काल वाटत नव्हती.’

यावर सुमनताईंकडेही काही नव्हतं. मी जेवण पुढच्या आठवड्यावर ढकलल्याचं जाहीर केलं आणि उठायला म्हणून परात जवळ ओढली. पण इम्रानचा प्रश्न तसाच पडला होता. दीड वर्षापूर्वी मी या पोरीला जे तोंडभरून सांगितलं होतं तेही तिथेच पडलं होतं. ती माझ्या दिव्याचं सगळं त्याला सांगून आली आणि मी मात्र तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

‘ऋता,’ मी म्हटलं, ‘मला फरक पडतो. थोडा पडतो. काय ते सांगू?’

मूठभर वाल सोलायचे राहिले होते. ती परत खाली बसली.